एक मुंडकं, चार हरणं

सोयगाव हे आमच्या जिल्ह्याचं एका कडेला पडलेलं टोक. जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटरवर, आणि बाजारहाट, दवाखाना, सोयरिकी सगळं पाचोरा-जळगावकडे. बोलण्यातही खानदेशी वळण. बाहेरच्या माणसाला सोयगाव सांगितलं की तो विचारतो, हे कुठं आलं? मग आम्ही सांगतो, अजिंठ्याची लेणी आहेत ना, ती आमच्या तालुक्यात. हे अनेकांना खरं वाटत नाही, कारण अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात आहे. पण लेणी ज्या लेणापूरच्या शिवारात आहेत ते लेणापूर आणि जिथून लेण्यांकडे बस सुटते ते फर्दापूर, दोन्ही सोयगाव तालुक्यातच. जगभरचे लोक आमच्या तालुक्यात येऊन जातात आणि त्यांना तालुक्याचं नाव कळत नाही.

याच तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी चित्रकला शिक्षक होतो. एटीडी झालेला, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवणारा, गॅदरिंगचे पडदे रंगवणारा आणि फळ्यावर सुविचार लिहिणारा. शाळेचं नाव सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे ते कुठल्याही शाळेत घडलं असतं.

शाळांमधून संगणक शिकवण्याची केंद्र सरकारची मोठी योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्याही आधी, १९८४-८५ साली, ‘क्लास’ नावाच्या प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना इंग्लंडचे बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले होते. आमच्याकडे त्यातलं काही आलं नाही. आमच्याकडे संगणक आले ते २००७ च्या सुमारास. खोलीला आतून पांढरा रंग, बाहेरून लोखंडी दरवाजा, दरवाजाला दोन कुलपं आणि बाहेर चपला काढायची सूचना. मुलं त्या खोलीत देवळात जावं तशी जायची. एक दिवस मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘सर, तुम्हाला चित्रं येतात. आता कॉम्प्युटरवर चित्रं हलवतात म्हणे. नववीच्या मुलांना शनिवारी दुपारी ते शिकवा.’

मला संगणक सुरू करता येत होता. बंद करताना मात्र मी बटण दाबून करायचो, एवढं माझं ज्ञान.

त्या वर्षांत ‘अ‍ॅनिमेशन’ हा शब्द हवेत होता. २००५ च्या ऑक्टोबरात व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला होता आणि तो तालुक्याच्या गावापर्यंत सीडीवरून पोचला होता. शहरांतल्या भिंतींवर अ‍ॅनिमेशनच्या क्लासच्या जाहिराती रंगवलेल्या असत. पोरांना शिकवा, लाखाचा पगार, असं लोक बोलत. पाचोऱ्यात संगणकाचं दुकान असलेल्या एका तरुणाने ‘फ्लॅश’ नावाची प्रणाली आमच्या पाच यंत्रांवर घालून दिली. ती तीस दिवसांच्या चाचणीची होती. तीस दिवस संपत आले की तो फोनवर सांगायचा, ‘सर, कॉम्प्युटरची तारीख मागं न्या.’ आम्ही न्यायचो. त्यामुळे आमच्या वर्गात एक डिसेंबर महिना बरेच दिवस चालला. हे बरोबर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. फुकट आणि राजरोस वापरता येणाऱ्या प्रणाली तेव्हाही होत्या. ब्लेंडर २००२ साली सर्वांसाठी खुली झाली होती, सिनफिग २००५ साली. पण त्या आम्हाला सांगणार कोण? पुढे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा खुल्या प्रणालींचे पाठ तयार केले. ते मला सापडले तोवर माझी निवृत्ती जवळ आली होती.

पहिला पाठ चेंडूचा. जगात जिथे जिथे ही विद्या शिकवतात तिथे पहिला पाठ चेंडूचाच असतो. चेंडू वरून पडतो, जमिनीवर आपटतो, उसळतो. पडद्याच्या वरच्या कडेला एक गोल काढायचा, खालच्या कडेला दुसरा, आणि यंत्राला सांगायचं की मधली चित्रं तू भर. यंत्र भरतं. आम्ही बटण दाबलं, चेंडू खाली आला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, हा पडत नाही. हा उतरतोय.’

त्याचं बरोबर होतं. यंत्राने मधली चित्रं सारख्या अंतरावर भरली होती. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, म्हणून वर असताना चेंडूची चित्रं जवळजवळ हवीत आणि खाली येताना त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं पाहिजे. जमिनीला टेकताना चेंडू किंचित चपटा व्हायला हवा, उसळी घेताना थोडा लांबट. हे कुठल्या बटणात नव्हतं. ते त्या मुलाच्या डोळ्यांत होतं, कारण रोज संध्याकाळी तो नदीच्या वाळूत क्रिकेट खेळायचा. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि खडूने ठिपके काढायला लावले. माझा अ‍ॅनिमेशनचा खरा वर्ग त्या खडूपासून सुरू झाला.

दुसरं कारण भारनियमनाचं. ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना वेगळं सांगायला नको. शनिवारी दुपारी वीज असेलच असं नव्हतं, आणि वीज गेली की ती खोली नुसती उकडायची. अशाच एका शनिवारी मी मुलांना दोनशे पानी वह्या काढायला सांगितल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चित्र, पुढच्या पानावर त्यात केसभर फरक, मग अंगठ्याने पानं फरफर सोडायची. चेंडू उसळला. त्यासाठी वीज लागली नाही आणि तारीखही मागे न्यावी लागली नाही. गणिताच्या सरांची तक्रार आली की मुलं गणिताच्या वहीचे कोपरे खराब करताहेत. मी म्हटलं, तेही गणितच आहे.

मुलांना वाटायचं ही विद्या अमेरिकेतून आली. मलाही तसंच वाटायचं. म्हणून मी वाचायला लागलो, आणि जे सापडलं ते शनिवारी मुलांना सांगायला लागलो.

कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी ‘शांभरिक खरोलिका’ नावाचा खेळ उभा केला. शंबर हा मायावी असुर, म्हणून मायेची ती शांभरिक. काचेच्या छोट्या तुकड्यांवर हाताने बारीक रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. चित्रं झरझर बदलून, एकमेकांवरून सरकवून ते पडद्यावर हालचाल दाखवीत. १८९२ पासून या खेळाचे प्रयोग होऊ लागले. म्हणजे ल्युमिए बंधूंचा सिनेमा १८९६ साली मुंबईत आला त्याच्याही चार वर्षं आधी आपल्याकडचे लोक तिकीट काढून पडद्यावर हलती चित्रं पाहत होते. ती चित्रं काढणारे हात मराठी होते आणि विषय आपल्याच पुराणांतले.

मग दादासाहेब फाळके. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना माहीत असतो, वाटाण्याचं रोपटं माहीत नसतं. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी पैसे लागणार आणि सावकाराला खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवला. रोज त्याचं एक-एक चित्र घेत गेले. महिनाभराने ती पट्टी सलग फिरवली तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत बी फुटलं, कोंब वर आला, पानं उलगडली. सावकार पटला. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा पट केला, त्यात आगपेटीतल्या काड्या हालतात. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा थोडी सरकवायची. भारतात वस्तूंना असं चालवण्याचे हे अगदी आरंभीचे प्रयत्न.

हे सांगितलं त्याच्या पुढच्या शनिवारी चाळीस मुलांनी चाळीस आगपेट्या आणल्या. मुख्याध्यापकांनी त्या जप्त केल्या, कारण गेल्याच महिन्यात शाळेमागची गंजी पेटली होती. मग आम्ही खडूचे तुकडे चालवले.

फाळक्यांच्या चरित्रातली एक तारीख माझ्या मनात अडकून राहिली. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८८५ साली दाखल झाले. त्या वेळी शाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. आणि हेच ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या तालुक्यात येत होते, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. तेव्हा लेण्यांपर्यंत पोचणं सोपं नव्हतं. आत अंधार, वटवाघळं, ओल. भिंतीवरचा रंग सुटत चाललेला. त्या मुलांनी महिनोन्‌महिने बसून रेघ न्‌ रेघ उतरवली. फाळके शाळेत आले ते बरोबर हे काम संपलं त्या वर्षी. तिथल्या गप्पांत अजिंठा असणारच, असं आपलं मला वाटतं. पुरावा नाही, म्हणून आग्रह धरत नाही.

पुरावा ज्याचा आहे ती गोष्ट जास्त दुःखाची आहे. ग्रिफिथ्सच्याही आधी, १८४४ पासून, मेजर रॉबर्ट गिल याने जवळजवळ वीस वर्षं अजिंठ्यात राहून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून त्यातले बहुतेक जळाले. म्हणून ग्रिफिथ्सने काम पुन्हा हाती घेतलं. त्याच्या विद्यार्थ्यांची चित्रंही लंडनला गेली, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. तिथे १८८५ च्या जूनमध्ये आग लागली आणि त्यांतली पुष्कळशी जळाली. ज्या वर्षी काम संपलं त्याच वर्षी. गिल आणि पारोची गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात, त्यावर सिनेमाही निघाला. त्या विद्यार्थ्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. तेरा वर्षांचं काम, आणि एक ठिणगी.

आमच्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी किती जणांनी लेणी पाहिली असतील? मी हात वर करायला सांगितले. सात. सगळा तालुका त्या डोंगराच्या कुशीत, आणि सात. काहींचे वडील टी-जंक्शनवर दगडांचे मणी आणि गारगोट्या विकत, पण आत जाऊन चित्रं पाहण्याचं कारण कोणाला पडलं नव्हतं. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नसतं. खर्च फक्त गाडीचा. आम्ही दोन काळीपिवळी केल्या आणि गेलो. सोमवारी लेणी बंद असतात, हे मला माहीत होतं. सुट्टी मात्र सोमवारचीच मिळत होती. म्हणून शेवटी रविवारी गेलो आणि गर्दीत सापडलो.

सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे. दान देता देता आपली मुलंसुद्धा देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची कथा. मी मुलांना म्हटलं, यात राजपुत्र किती आहेत ते मोजा. मुलं मोजू लागली. एकच माणूस इथे महालात बसलाय, तिथे रथात निघालाय, पुढे आणखी कुठे. मध्ये चौकट नाही, रेघ नाही. खांब, झाड नाहीतर दरवाजा आला की समजायचं, वेळ बदलली. पाचव्या शतकातल्या चित्रकाराने भिंतीवर काळ पसरून ठेवलाय आणि पाहणाऱ्याने चालायचं. इथे चित्र उभं राहतं आणि माणूस हालतो, एवढाच काय तो फरक.

पण मुलांना जे आवडलं ते चित्र नव्हतंच. पहिल्या लेण्यातल्या एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत. शरीरं चार, प्रत्येकाची बसण्या-उठण्याची तऱ्हा वेगळी, आणि सगळ्यांना मिळून मुंडकं एकच. गाइड ते कौतुकाने दाखवतात, लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. आमच्यातली एक मुलगी तिथेच थांबली. तांड्यावरची मुलगी, वर्गात फारशी बोलायची नाही. तिने एक डोळा मिटला, हात पुढे धरून बोटांनी तीन शरीरं झाकली आणि म्हणाली, ‘आता हे एकच हरीण आहे.’ मग हात सरकवला. ‘आता हे उठलं.’ पुन्हा सरकवला. ‘आता हे वळलं.’

मला एवढी वर्षं हे दिसलं नव्हतं. तो कारागीर काय मनात धरून बसला होता ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी त्या दगडातलं हरीण आम्हा सगळ्यांना चालताना दिसलं. या विद्येत मुख्य चित्रं आणि मधली चित्रं असा भेद असतो. हरीण बसलेलं आहे हे मुख्य चित्र, उभं आहे हे दुसरं मुख्य चित्र. मोठा कलाकार ही काढतो. मधलं उठणं दहा-बारा चित्रांत दुसरं कोणीतरी भरतं. आमच्यासाठी चार मुख्य चित्रं तयार होती, दीड हजार वर्षांपूर्वीच काढून ठेवलेली. मधली भरायची राहिली होती.

परतल्यावर मी आणखी शोधलं तेव्हा कळलं की हरणाचं हे वेड आमचं एकट्याचं नव्हतं. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली व्यंगपटांचा विभाग काढला. तिथल्या कलाकारांना शिकवायला अमेरिकन मदतीतून डिस्नेचा एक कलावंत आला, क्लेअर वीक्स. मिशनरी आईबापांच्या पोटी तो भारतातच जन्मला होता. डिस्नेच्या ‘बांबी’ या हरणाच्या पाडसाच्या चित्रपटावर त्याने काम केलेलं. त्याच्या हाताखाली आपली माणसं शिकली. जी. के. गोखले त्यात होते, जे १९३९ सालीच स्वतःच्या हिमतीवर व्यंगपट करून मोकळे झाले होते. तरुण राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हटलं गेलं आणि २०१४ साली पद्मश्री मिळाली. या शाळेतून १९५७ साली जो पट निघाला तो ‘द बनियन डियर’, म्हणजे न्यग्रोधमृग जातक. गाभण हरिणीच्या ऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची कथा. आणि त्यातल्या चित्रांचं वळण अजिंठ्याचं. डिस्नेहून आलेला गुरू, मुंबईतले विद्यार्थी, आणि चित्रांची रेघ आमच्या तालुक्यातली.

हे मुलांना सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, ‘मग आपण पण हरणाचाच करू.’

हिशेब फळ्यावर मांडला. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं जातात. एक चित्र दोनदा वापरलं तरी डोळा फसतो, म्हणजे बारा पुरतात. एका मिनिटाला सातशे वीस. कोणीतरी शिट्टी वाजवली. मग ठरलं, वीस सेकंदांचाच करायचा. दोनशे चाळीस चित्रं. मुलं चाळीस, प्रत्येकाला सहा. मुख्य चित्रं मी आणि दोन-तीन चांगल्या हाताच्या मुलांनी काढली. प्रत्येक कागदाला वरच्या कोपऱ्यात आकडा घातला आणि दोन भोकं पाडली. दोन खिळे ठोकलेली फळी केली, म्हणजे कागद हलणार नाही. काचेखाली बल्ब लावून खालचं चित्र वर दिसावं असं टेबल करायचं होतं. वीज नसायची, म्हणून मुलांनी खिडकीच्या काचेवर कागद धरून चित्रं काढली. दिवस मावळला की काम बंद.

वाटणी मी हजेरीप्रमाणे केली. एकशे एकवीस ते एकशे सव्वीस ही चित्रं त्या तांड्यावरच्या मुलीच्या वाट्याला आली. हरीण मान वळवतं तो अर्धा सेकंद.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. आमच्या भागात दिवाळीनंतर वर्गातली काही बाकं रिकामी होतात, त्याची चौकशी कोणी करत नाही. टोळी ऊसतोडीला गेली की पोरंही जातात. मोठी मुलगी असेल तर नक्कीच, कारण धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी लागतं. माझ्याकडे दुसऱ्या मुलाकडून ती सहा चित्रं काढून घेण्याचा मार्ग होता. मी म्हटलं, येईल मार्चमध्ये. मुलंही म्हणाली, तिचीच आहेत ती. फेब्रुवारीच्या शेवटी चित्रं पाचोऱ्याच्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनरवर घालून आणायची होती, शाळेचा कार्यक्रम मार्चच्या पहिल्या आठवड्यात होता. ती आली नाही. आम्ही दोनशे चौतीस चित्रांचा पट केला. कार्यक्रमात तो तीनदा दाखवला. मधल्या जागी हरणाचं मुंडकं एकदम दुसरीकडे उडी मारतं, तिथे लोक हसले. त्यांना वाटलं ती गंमत आहे.

पुढची कथा लांबवत नाही. संगणकांचा करार संपला, यंत्रं नेली, नवी यायला दोन वर्षं लागली. नेण्याआधी कोणीतरी ती पुसून कोरी केली. आमचा चित्रपट, मुलांचे चेंडू, खडूचे तुकडे, सगळं त्यात गेलं. ते कळलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या जे. जे. च्या मुलांची आठवण झाली. पण मी एक सीडी करून ठेवली होती आणि कागद एका पत्र्याच्या पेटीत होते.

शेवटच्या बाकावरचा मुलगा बारावीनंतर अ‍ॅनिमेशन शिकायला शहरात गेला. खाजगी क्लासची फी भरायला बापाने दोन बैल विकले, वर सावकाराचे पैसे घेतले. मी त्या बापाला, ‘पाठवा,’ असं सांगितलं होतं. ते ओझं माझ्यावर आहे. क्लास झाला आणि त्याला मुंबईत रात्रपाळीचं काम मिळालं. काम काय? परदेशी चित्रपटातल्या नटाची आकृती चित्रामागून चित्र कडेकडेने कापून वेगळी करायची, म्हणजे तिकडचे लोक मागचा देखावा बदलतील. याला रोटो म्हणतात. आपल्या देशात या धंद्यात सर्वांत जास्त आलं ते हेच. मुख्य चित्रं तिकडे, मधली इकडे. दिवाळीला घरी आला की तो सांगायचा, ‘सर, वर्षभर एका माणसाचे केस कापतोय.’ तो कडवट झाला नाही, हे त्याचं मोठेपण. आठ वर्षांत त्याने बापाचं कर्ज फेडलं. दोन बैल काही परत आले नाहीत, ट्रॅक्टर भाड्याने आणतात. आता तो जळगावला असतो, स्वतःचं छोटं काम करतो. शेतीच्या औषधांच्या जाहिराती, लग्नाची हलती निमंत्रणं.

मी निवृत्त झालो. दरम्यान फ्लॅशही निवृत्त झाली. ३१ डिसेंबर २०२० ला तिचा आधार बंद झाला आणि त्या पद्धतीने केलेली जगभरातली असंख्य हलती चित्रं संगणकावर उघडेनाशी झाली. माझी सीडी पेटीत होती. ती चालवायला यंत्र नव्हतं आणि असतं तरी उपयोग नव्हता.

मध्यंतरी बातमी वाचली. २०२५ च्या जुलैत मुंबईला पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात, सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. ज्या फिल्म्स डिव्हिजनने वीक्सला बोलावलं होतं तिच्याच जागेत. आणि २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पंधरा हजार माध्यमिक शाळांत आणि पाचशे महाविद्यालयांत अ‍ॅनिमेशन आणि त्यासारख्या विद्यांच्या प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. मला आनंद झाला. लगेच ती दोन कुलपं डोळ्यांपुढे आली. चित्रकलेचे तास वाढणार का, हे मी त्या बातमीत शोधत होतो. खोलीच्या चाव्या कोणाकडे असतात आणि नोव्हेंबरात किती बाकं रिकामी असतात, हे अर्थसंकल्पात येत नाही, ते मला ठाऊक आहे.

बातमी वाचून जळगावच्या त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, सीडी पाठवा. त्याने कुठून तरी जुना ड्राइव्ह मिळवला. ‘रफल’ नावाची एक खुली प्रणाली लोकांनी केली आहे, ती फ्लॅशची जुनी चित्रं पुन्हा चालवते. चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर आमचं हरीण आलं. वीस सेकंदाला अर्धा सेकंद कमी. मी ते किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक पाठवलं. ‘सर, ती सहा चित्रं आता मशीनकडून भरून घेतली. दोन मिनिटांत झाली.’ पाहिलं तर हरणाची मान अगदी लोण्यासारखी वळत होती. बारकाईने पाहिलं तर एका चित्रात त्याला पाचवा पाय होता. मी त्याला म्हटलं, आपलं उडी मारणारंच असू दे.

मागच्या मंगळवारी सोयगावच्या बाजारात ती भेटली, तांड्यावरची. तिनेच ओळखलं, ‘गुरुजी’ म्हणाली. बरोबर तिची मुलगी होती, सातवीत आहे. मी मोबाइल काढून हरीण दाखवलं. मायलेकी वाकून बघत होत्या. मुंडकं उडालं तशी ती पटकन म्हणाली, ‘इथं माझी होती ना?’ एवढ्या वर्षांनी तिला जागा पाठ होती. मी म्हटलं, होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘काढून दिली तर चालतील का आता?’

घरी येऊन मी पेटीतून एकशे वीस आणि एकशे सत्तावीस नंबरचे कागद काढले. मध्ये सहा कोरे घातले, आकडे टाकले, भोकं पाडली आणि तांड्यावर जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर पाठवून दिले. अजून परत आलेले नाहीत. कपाशीची वेचणी चालू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)